‘मेक अप’ : एका इंग्रजी क्रियापदाचे अनेक अर्थ कसे ओळखावेत आणि कसे वापरावेत

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी माणसाला ‘मेकअप’ हा शब्द आधीपासूनच माहीत असतो. लग्नघरात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, नाटकाच्या रंगपटात तो सतत कानावर पडतो आणि मराठीत त्याचा अर्थ एकच आहे, तो म्हणजे रंगभूषा. नेमकी हीच जुनी ओळख पुढे इंग्रजी वाचताना आड येते. ‘दे हॅड अ फाइट, बट दे मेड अप द नेक्स्ट डे’ हे वाक्य समोर आले की वाचकाला आरसा आणि पावडर आठवते, आणि भांडणाचा रंगभूषेशी काय संबंध असावा हे त्याला उमगत नाही. त्या वाक्याचा अर्थ ‘त्यांचे भांडण झाले, पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्यात समेट झाला’ असा सरळ आहे. या एका क्रियापदाचे रोजच्या वापरातले पाच-सहा अर्थ आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे कसे ओळखावेत, हे येथे क्रमाने सांगायचे आहे.

साधे क्रियापद आणि त्याला जोडून येणारे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांसारखे छोटे अव्यय मिळून जेव्हा नवाच अर्थ तयार होतो, तेव्हा त्या जोडीला इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. या जोड्या परक्यांना अवघड जातात ही तक्रार जुनीच आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत या रचनेचा खास उल्लेख केला असून परकीयांना सर्वाधिक अडचण येथेच येते, असे म्हटले आहे. मराठी भाषकाने मात्र फार घाबरण्याचे कारण नाही, कारण एवढ्याशा बदलाने अर्थ पार बदलण्याची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. कुत्रा अंगावर येतो, केलेली चलाखी अंगाशी येते आणि आरती टिपेला पोहोचली की एखाद्याच्या अंगात येते. या तिन्ही ठिकाणी ‘अंग’ तेच आहे आणि ‘येणे’ही तेच आहे, बदलतो तो मधला एवढासा जोड. आपण हे तीन अर्थ यादी करून पाठ केलेले नाहीत, तर कोण कोणाच्या अंगावर येते आणि काय अंगाशी येते, हे वाक्यांतून ऐकत ऐकत शिकलो आहोत. ‘मेक अप’ही तसेच शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

मुळातली कल्पना

‘मेक अप’च्या बहुतेक अर्थांच्या तळाशी एकच कल्पना आहे, ती म्हणजे विखुरलेले किंवा अपुरे असलेले काही एकत्र आणून पुरे करणे. ‘मेक’ म्हणजे करणे किंवा घडवणे, आणि ‘अप’ येथे ‘वर’ या अर्थाने आलेला नसून पूर्णतेची छटा देण्यासाठी आला आहे. ‘ईट अप’ म्हणजे पानातले सगळे खाऊन संपवणे आणि ‘यूज अप’ म्हणजे शिल्लक न ठेवता वापरून टाकणे, यांतला ‘अप’ हाच आहे. मराठीत हेच काम ‘टाकणे’ किंवा ‘काढणे’ ही सहायक क्रियापदे करतात. ‘खाणे’ आणि ‘खाऊन टाकणे’ यांत जो फरक आहे, त्याच्याशी हा ‘अप’ पुष्कळ मिळताजुळता आहे.

ही कल्पना लक्षात ठेवण्यासाठी तीन मराठी क्रियापदे मनाशी धरावीत: रचणे, जुळणे आणि भरून काढणे. ‘रचणे’ या क्रियापदाचा येथे विशेष उपयोग होतो, कारण त्याचा अर्थविस्तार थेट ‘मेक अप’सारखा झालेला आहे. आपण पेंढ्याची गंजी रचतो, ओवी रचतो आणि कुभांडही रचतो. पहिल्यात वस्तू एकावर एक ठेवल्या जातात, दुसऱ्यात शब्द, आणि तिसऱ्यात खोट्या गोष्टी. इंग्रजी माणूसही ‘मेक अप’ हे क्रियापद पुडके बांधण्यासाठी वापरतो आणि थाप मारण्यासाठीही. हे साम्य एकदा दिसले की अर्थांची यादी परकी वाटत नाही.

मनाने रचणे

‘मेक अप अ स्टोरी’, ‘मेक अप अ‍ॅन एक्स्क्यूज’, ‘मेक अप अ नेम’ अशा जोड्यांत या क्रियापदाचा अर्थ जे नव्हते ते मनाने तयार करणे असा होतो. ‘ही मेड अप अ‍ॅन एक्स्क्यूज अँड लेफ्ट अर्ली’ म्हणजे काहीतरी सबब सांगून तो लवकर निघून गेला. येथे अनेकजण हा अर्थ ‘खोटे बोलणे’ असाच पक्का करून टाकतात, आणि ती चूक आहे. ‘माय ग्रँडमदर मेड अप अ न्यू स्टोरी एव्हरी नाइट’ या वाक्यात आजीवर कसलाही आरोप नाही, उलट तिच्या कल्पकतेचे कौतुक आहे. खोटेपणाची छटा कर्मावरून आणि प्रसंगावरून येते. गोष्ट, गाणे, खेळ, टोपणनाव यांच्यासंबंधी हे क्रियापद निर्मळ आहे. सबब, आकडे, पुरावा, तक्रार यांच्यासंबंधी ते दोष दाखवते.

म्हणूनच कार्यालयीन पत्रव्यवहारात ते जपून वापरावे. एखाद्या सहकाऱ्याने दिलेल्या आकड्यांचा आधार सापडत नसेल तर ‘यू मेड अप दीज फिगर्स’ असे लिहिणे म्हणजे त्याने आकडे बनावट केले असा उघड आरोप करणे होय. तसे म्हणायचे नसेल तर ‘आय कुड नॉट फाइंड द सोर्स ऑफ दीज फिगर्स’ हे वाक्य वापरावे. आणि खरोखरच औपचारिक तक्रार करायची असेल, तर तेथे ‘फॅब्रिकेट’ हे क्रियापद अधिक शोभते, कारण ‘मेक अप’ हे बोलण्यातले आहे.

याच अर्थाचे विशेषण ‘मेड-अप’ असे मध्ये छोटी आडवी रेघ देऊन लिहितात. ‘अ मेड-अप नेम’ म्हणजे काल्पनिक किंवा बनावट नाव.

अनेक घटक मिळून एक होणे

परीक्षेत, अहवालात आणि वर्तमानपत्रात सर्वाधिक भेटणारा आणि मराठी माणसाच्या हातून सर्वाधिक चुकणारा अर्थ हा आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

‘एट डिस्ट्रिक्ट्स मेक अप मराठवाडा’ म्हणजे आठ जिल्हे मिळून मराठवाडा होतो. ‘नायट्रोजन मेक्स अप अबाउट सेव्हन्टी-एट पर्सेंट ऑफ द एअर’ म्हणजे हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनचा असतो. या रचनेत आधी घटक येतो, मग ‘मेक अप’, आणि शेवटी संपूर्ण वस्तू किंवा तिचा हिस्सा. आता वाक्य उलटे फिरवायचे असेल, म्हणजे संपूर्ण वस्तूपासून सुरुवात करायची असेल, तर क्रियापद कर्मणी होते आणि त्यापुढे ‘ऑफ’ येतो: ‘द महाराष्ट्र लेजिस्लेटिव्ह असेंब्ली इज मेड अप ऑफ टू हंड्रेड अँड एटी-एट मेंबर्स’, म्हणजे महाराष्ट्राची विधानसभा २८८ सदस्यांची आहे. गोव्यासाठी हाच आकडा ४० आहे, आणि वाक्याची घडण तीच राहते.

चूक होते ती या दोन रचनांची सरमिसळ झाल्यामुळे. ‘द असेंब्ली मेक्स अप ऑफ टू हंड्रेड अँड एटी-एट मेंबर्स’ असे वाक्य मला वहीत वारंवार दिसते. त्याचे मूळ बहुधा ‘कन्सिस्ट्स ऑफ’ या दुसऱ्या क्रियापदात असावे, कारण त्याला कर्मणी रूपाची गरज नसते आणि त्याचा ‘ऑफ’ उचलून येथे चिकटवला जातो. नियम असा ध्यानात ठेवावा की ‘ऑफ’ लिहायचा असेल तर आधी ‘इज मेड अप’ किंवा ‘आर मेड अप’ आलेच पाहिजे, आणि ते नसेल तर ‘ऑफ’ही नको.

दुसरी सवय ‘आयएनजी’ लावण्याची. मराठीतल्या ‘आहे’मुळे आपण इंग्रजीतही चालू काळाकडे सहज वळतो आणि ‘नायट्रोजन इज मेकिंग अप सेव्हन्टी-एट पर्सेंट’ असे लिहून बसतो. घटक सांगणे ही चालू असलेली क्रिया नव्हे, ती स्थिती आहे, म्हणून येथे साधा वर्तमानकाळच वापरावा.

तिसरा मुद्दा ‘मेड ऑफ’ आणि ‘मेड अप ऑफ’ यांतल्या फरकाचा. पोळपाट लाकडाचा असतो, तेव्हा ‘इट इज मेड ऑफ वुड’ म्हणावे, कारण तेथे साहित्य सांगायचे आहे. समिती शिक्षकांची असते, तेव्हा ‘इट इज मेड अप ऑफ टीचर्स’ म्हणावे, कारण तेथे वेगवेगळे मोजता येणारे घटक एकत्र आलेले आहेत. ‘कशाचा बनवला?’ आणि ‘कोणकोण मिळून झाले?’ हे दोन मराठी प्रश्न मनात विचारले की योग्य रूप आपोआप सुचते.

छापखान्याशी संबंध आलेल्या वाचकांना याच कुळातला आणखी एक वापर ओळखीचा वाटेल. शिशाचे खिळे जुळवून वर्तमानपत्राचे पान लावण्याच्या कामाला इंग्रजीत ‘मेकिंग अप द पेज’ म्हणत, आणि तयार पानाच्या मांडणीला ‘मेक-अप’. तेथेही विखुरलेले तुकडे एका चौकटीत बसवून पुरे करणे हेच काम होते.

उणीव भरून काढणे

येथे दोन रूपे आहेत आणि त्यांतला फरक बारीक असला तरी उपयोगाचा आहे. हरवलेली गोष्ट मोजता येण्यासारखी असेल, म्हणजे वेळ, तास, पैसे, फरकाची रक्कम, तर ती थेट ‘मेक अप’पुढे येते. ‘द ट्रेन लेफ्ट कल्याण ट्वेंटी मिनिट्स लेट, बट मेड अप द टाइम बाय मनमाड’ म्हणजे गाडी कल्याणहून २० मिनिटे उशिरा निघाली, पण मनमाडपर्यंत तिने तो उशीर भरून काढला. ‘वुई हॅव एट थाउजंड रुपीज, माय ब्रदर विल मेक अप द डिफरन्स’ म्हणजे आपल्याकडे आठ हजार आहेत, उरलेले भाऊ घालील.

उणीव, चूक किंवा दुःख असेल, म्हणजे एका गोष्टीची भरपाई दुसऱ्याच गोष्टीने करायची असेल, तर मध्ये ‘फॉर’ लागतो. ‘हार्ड वर्क कॅन मेक अप फॉर अ लॅक ऑफ एक्स्पीरियन्स’, अनुभवाची उणीव कष्टांनी भरून काढता येते. ‘नो मनी कॅन मेक अप फॉर द लॉस ऑफ अ पेरेंट’, आईवडील गेल्याचे दुःख कितीही पैशाने भरून येत नाही. या रूपाची एक सुंदर वाक्यरचना आहे, ती आत्मसात केल्यास लेखनाला चांगला घाट येतो: ‘व्हॉट द रूम लॅक्स इन साइझ, इट मेक्स अप फॉर इन लाइट’. खोली लहान आहे खरी, पण उजेडाने ती कसर भरून निघते, असा तिचा भाव आहे. ‘फॉर’ आणि ‘इन’ ही दोन अव्यये तेथे लागोपाठ आलेली पाहून नवशिक्याला चूक झाल्यासारखे वाटते आणि तो एक खोडतो. ती दोन्ही तेथे हवीच आहेत.

एखाद्या माणसाचे मन दुखावले असेल आणि त्याची भरपाई करायची असेल, तर ‘मेक इट अप टू’ हे रूप येते. मुलीच्या नाटकाला वेळेवर पोहोचू न शकलेले वडील तिला म्हणतील, ‘आय अ‍ॅम सॉरी आय मिस्ड युवर प्ले. आय विल मेक इट अप टू यू.’ यातला ‘इट’ कधीही गाळू नये. ‘मेक अप टू समवन’ असे ‘इट’विना म्हटले तर ब्रिटिश इंग्रजीत त्याचा अर्थ स्वार्थासाठी कोणाची मनधरणी करणे, पुढेपुढे करणे असा होतो. हा वापर आता जुना वाटत असला तरी जुन्या कथा-कादंबऱ्यांत तो भेटतो.

अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांत आजारपणामुळे चुकलेली परीक्षा नंतर देण्याला ‘मेक अप अ टेस्ट’ म्हणतात आणि त्या परीक्षेला ‘मेकअप टेस्ट’. आपल्याकडच्या काही अभियांत्रिकी महाविद्यालयांतही हा शब्द रुळला आहे. तिकडे शिकायला गेलेल्या मुलांनी सूचनाफलकावर तो वाचून गोंधळू नये.

समेट होणे, मन ठरवणे

भांडणानंतरच्या ‘मेक अप’ला पुढे कर्म लागत नाही. ‘दे मेड अप’ एवढ्यावर वाक्य पुरे होते, आणि कोणाशी ते सांगायचे असेल तर ‘विथ’ जोडावा: ‘हॅव यू मेड अप विथ युवर सिस्टर?’ ब्रिटिश बोलण्यात ‘मेक इट अप विथ’ असेही ऐकू येते. लहान मुलांची कट्टी जाऊन बट्टी होते, मित्रांचे पुन्हा जमते, नवरा-बायकोचा रुसवा जातो, अशा घरगुती प्रसंगांना हे क्रियापद शोभते. दोन राष्ट्रांतला तह किंवा कोर्टातली तडजोड यासाठी ते वापरू नये; तेथे ‘रेकन्साइल’ किंवा ‘सेटल’ योग्य ठरते.

‘मेक अप युवर माइंड’ म्हणजे मनाशी पक्के ठरवणे. अनेकजण मिळून ठरवत असतील तर ‘माइंड’चे अनेकवचन करावे, ‘दे हॅव मेड अप देअर माइंड्स’, हे बहुतेकांच्या हातून राहून जाते.

किरकोळ, पण भेटणारे वापर

पाहुण्यासाठी अंथरूण घालून तयार करण्याला ‘मेक अप अ बेड’ म्हणतात. सकाळी उठल्यावर आपले अंथरूण नीट करणे मात्र ‘मेक द बेड’ आहे. ब्रिटिश इंग्रजीत औषध-विक्रेता डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषध तयार करतो, तेव्हा ‘ही मेक्स अप द प्रिस्क्रिप्शन’. पूर्वी आपल्या दवाखान्यांतले कंपाउंडर बाटलीत औषध मिसळून त्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवत, ते चित्र आठवले की हा अर्थ विसरणार नाही.

इंग्लंडमध्ये, विशेषतः लिव्हरपूलच्या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. तेथे कोणी ‘आय अ‍ॅम मेड अप’ म्हणाले तर त्याचा अर्थ ‘मला अतिशय आनंद झाला आहे’ असा असतो. हा स्थानिक बोलीतला वापर आहे. समजून घ्यावा, पण लेखनात आणू नये.

राहता राहिला आपला ओळखीचा मेकअप. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी रंगभूमीवर नट भूमिकेसाठी जो चेहरा आणि वेष तयार करी, त्यावरून हा अर्थ रूढ झाला आणि पुढे तो रोजच्या प्रसाधनांना लागू झाला. इंग्रजीत तो बहुधा नाम म्हणून येतो, म्हणून ‘शी मेड अप’ असे न म्हणता ‘शी पुट ऑन मेकअप’ किंवा ‘शी डिड हर मेकअप’ म्हणावे. नाम उच्चारताना जोर ‘मेक’वर येतो आणि ते एका शब्दात किंवा मध्ये रेघ देऊन लिहितात, क्रियापद उच्चारताना जोर ‘अप’वर येतो आणि ते नेहमी दोन सुट्या शब्दांत लिहितात. लेखनातली ही मोकळी जागा नीट पाहिली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

वाचताना आणि लिहिताना काय करावे

अर्थ ओळखण्यासाठी नजर ‘मेक’वर न खिळवता ‘अप’च्या पुढे काय आले आहे तेथे न्यावी. पुढे ‘फॉर’ असेल तर भरपाई. ‘विथ’ असेल तर समेट. ‘ऑफ’ असेल तर घटक. ‘माइंड’ असेल तर निश्चय. पुढे काहीच नसेल आणि कर्ता दोन माणसे असतील तर बहुधा समेट. पुढे नाम असेल, तर ते कसले आहे हे पाहावे: सबब किंवा गोष्ट असेल तर रचणे, वेळ किंवा रक्कम असेल तर भरून काढणे, हिस्सा किंवा टक्केवारी असेल तर घटक.

लिहिताना सर्वनामाची जागा सांभाळावी. ‘ही मेड अप द स्टोरी’ आणि ‘ही मेड द स्टोरी अप’ ही दोन्ही वाक्ये चालतात, पण ‘स्टोरी’च्या जागी ‘इट’ आला की तो मध्येच बसतो: ‘ही मेड इट अप’. ‘ही मेड अप इट’ हे कोणत्याही परिस्थितीत चालत नाही. घटकाच्या अर्थी मात्र क्रियापद सहसा तोडत नाहीत, आणि ‘मेक अप फॉर’मध्ये सर्वनाम ‘फॉर’च्या नंतर येते: ‘ही मेड अप फॉर इट’.

वहीत ‘मेक अप म्हणजे अमुक’ अशी टिपणे करण्यापेक्षा प्रत्येक अर्थाखाली आपल्या घरातले एक खरे वाक्य लिहावे, ज्यात आपली माणसे, आपली गाडी, आपली भांडणे असतील. मग पुढील वाक्ये उत्तरे न पाहता सोडवून पाहावीत. ‘ही डिडन्ट नो द आन्सर, सो ही मेड वन अप.’ ‘द कमिटी इज मेड अप ऑफ सेव्हन डॉक्टर्स.’ ‘हॅव यू टू मेड अप येट?’ ‘आय विल लीव्ह अर्ली टुडे अँड मेक अप द आवर्स ऑन सॅटर्डे.’ ‘द फार्मसिस्ट मेड इट अप.’ पहिल्यात उत्तर मनाने रचले आहे, दुसऱ्यात समिती सात डॉक्टरांची आहे, तिसऱ्यात दोघांचे भांडण मिटले का ही विचारणा आहे आणि चौथ्यात कामाचे तास शनिवारी भरून काढायचे आहेत. पाचव्या वाक्याची दोन उत्तरे संभवतात: औषध-विक्रेत्याने चिठ्ठीवरचे औषध तयार केले, किंवा त्याने ती हकिकत मनाने रचली. यांतले कोणते बरोबर, हे ‘इट’ कशासाठी आला आहे ते सांगणाऱ्या आधीच्या वाक्यावरूनच ठरेल, म्हणून तेथे एक ओळ मागे जाऊन वाचावे.